पुण्याच्या कुंभाराने जोडलेले नाक

थ्रेड. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो. एका अंगाला लोखंड-पोलादाचा बाजार, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या वसाहती आणि मधून घाटाच्या दिशेने धावणारी वाहने. हा रस्ता २००२ साली पूर्ण झाला. ही वाट मात्र फार जुनी आहे. पेशवाईत पुण्याहून मुंबईस निघालेला माणूस खंडाळ्याहून बोरघाट उतरे, खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेल्या तलावाकाठी विसावे, पनवेल बंदर गाठी आणि तेथून होडीने मुंबई बेटावर जाई. घाटातून गाडी नेता येईल असा रस्ता १८३० साली झाला. तोवर माल बैलांच्या पाठीवरून, साहेब पालखीतून आणि टपाल जासुदांच्या पायांनी जात असे.

पुणे-मुंबई दळणवळणाच्या या वाटेने अनेक तह आणि खलिते गेले. परंतु १७९४ साली पुण्याकडची एक बातमी समुद्रापार लंडनला पोहोचली आणि तिने तिथले वैद्यकशास्त्र बदलले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘जंटलमन्स मॅगझीन’ या लोकप्रिय मासिकात एक पत्र छापले गेले. खाली सही म्हणून केवळ ‘बी. एल.’ ही आद्याक्षरे होती. विषय होता, कापल्या गेलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसविण्याची पुण्याजवळची रीत.

आज केसरोपणासाठी इस्तंबूलला, नाकाचा आकार बदलण्यासाठी थायलंडला जाणारे लोक आहेत, तसेच शस्त्रक्रियेसाठी वैद्यकीय व्हिसा घेऊन मुंबईत उतरणारे परदेशी रुग्णही आहेत. त्या सर्वांचे प्रश्न सारखेच असतात. किती दिवस राहावे लागेल? किती दुखेल? व्रण दिसेल का? आणि यश येईलच ना? सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात यांतील तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. एका प्रश्नाविषयी ते मौन बाळगते. आणि दिलेल्या तीन उत्तरांपैकी एक तपासून पाहावे लागते.

प्रथम रुग्ण. मासिकाने त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. आज हे नाव ऐकताच पारशी माणूस डोळ्यांसमोर येतो. पत्रात मात्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. इंग्रजी कानांनी ऐकून इंग्रजी लिपीत उतरविलेली एतद्देशीय नावे अशी अनेकदा फसवितात, म्हणून या नावावर फार मोठे अनुमान रचण्यात अर्थ नाही. त्याचा व्यवसाय मात्र स्पष्ट आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा म्हणून चाकरीस होता.

बैल हाकणारा हा त्या युद्धातील दुय्यम माणूस होता असे समजणे चुकीचे ठरेल. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या वेशीपर्यंत जाऊन पोहोचला होता. पण दाणा-वैरण संपली, बैल मरू लागले, तोफा ओढायला जनावर उरले नाही. अखेर वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. त्या माघारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा मेलकोट्याजवळ येऊन मिळाल्या आणि त्यांच्या बाजारातले धान्य इंग्रजी छावणीला मिळाले, म्हणून ती फौज तगली. ज्याच्याकडे बैल त्याच्याकडे तोफा, आणि ज्याच्याकडे तोफा त्याच्याकडे किल्ला, असा हा हिशेब होता. शत्रूची रसद तोडायची तर बैलवाल्याला धाक बसविणे हा स्वस्त उपाय होता. मासिकातील नोंदीनुसार कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला.

ही नोंद इंग्रजांची आहे आणि त्या वर्षांत टिपूचे क्रौर्य सांगणारा मजकूर लंडनमध्ये हातोहात खपत असे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. मात्र नाक कापण्याची प्रथा एकट्या टिपूच्या माथी मारता येत नाही. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी मोगल काळात दीर्घकाळ हिंदुस्थानात राहिला. औरंगजेबाच्या १६८६ च्या विजापूर मोहिमेसंबंधी तो लिहितो की, वैरण आणायला बाहेर पडलेली मोगल माणसे विजापूरकरांच्या हाती लागली की ते त्यांना ठार न मारता नाक कापून परत पाठवीत. म्हणजे तेथेही बळी होता तो रसदेचा माणूस. याच प्रसंगी मनुची आणखी एक गोष्ट सांगतो. तिथले शस्त्रवैद्य भुवयांच्या वरची कपाळाची कातडी कापून ती जखमेवर खाली उतरवीत व नवे नाक घडवीत. अशी नाके लाभलेली पुष्कळ माणसे त्याने पाहिली होती. कावसजीच्या आधी सुमारे शंभर वर्षे, दख्खनच्याच भूमीवर, हीच शस्त्रक्रिया चालू होती याचा हा पुरावा महत्त्वाचा आहे.

कावसजी बारा महिन्यांहून अधिक काळ नाकावाचून राहिला. त्या बारा महिन्यांचा विचार आपण सहसा करीत नाही. कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले होते, तेव्हा उपासमारीची भीती नसावी. पण मराठीत ‘नाक’ हा शब्द केवळ अवयवापुरता कधीच नव्हता. नाक राहते, नाक जाते, नाक कापले जाते, ते अब्रूचे. चोरी-व्यभिचाराची शिक्षा म्हणूनही नाक कापले जाई. नाक नसलेला माणूस परक्या गावात गेला की त्याने युद्धात काय गमावले हे कोणी विचारीत नसे. त्याने कोणता गुन्हा केला असेल, हेच आधी मनात येई. कापलेल्या हाताला अशी शंका चिकटत नव्हती. कावसजीने जी शस्त्रक्रिया करून घेतली ती श्वासासाठी की चेहऱ्यासाठी, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि गरजेची शस्त्रक्रिया यांच्यामधली रेषा आपल्याला वाटते तितकी सरळ कधीच नव्हती.

आता शस्त्रवैद्य. पत्रात त्याची ओळख एवढीच, की तो मराठा प्रांतातला, पुण्याजवळचा आणि जातीने ‘कुमार’, म्हणजे कुंभार. नाव दिलेले नाही. शस्त्रक्रिया कशी होते हे मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिले होते. त्या दोघांची नावे, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, आदराने दिली आहेत. ज्यांनी पाहिले ते इतिहासात नावानिशी आले, ज्याने केले तो जातीनिशी आला.

त्याने काय केले ते पत्रात बारकाईने सांगितले आहे. आरंभी मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर दाबून बसवायचा आणि त्याला शोभेलसा नाकाचा आकार द्यायचा. आकार मनाजोगा झाला की मेण काढून सपाट करायचे आणि कपाळावर ठेवून त्याच्या कडेने रेघ मारायची. मेणाचे काम येथे संपले. मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलून काढायची. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी अखंड ठेवायची. सगळी युक्ती या पट्टीत आहे. नवे नाक जुन्या जागी रुजेपर्यंत त्याला रक्त पोहोचते ते याच पट्टीतून. त्यानंतर नाकाच्या बुंध्यावरचा जुना व्रण तासून ताजा करायचा, नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत चीर द्यायची, कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. पीळ द्यावा लागतो तो अशासाठी, की कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहावी.

टाके नाहीत. जोड पक्का करण्यासाठी पाण्यात मऊ केलेला एक पदार्थ कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटविल्या जात. इंग्रजी पत्रात या पदार्थाचे नाव ‘टेरा जॅपोनिका’, म्हणजे जपानची माती, असे भारदस्त छापले आहे. वाचकाला हे जपानहून आणलेले काही दुर्मीळ द्रव्य वाटावे. हा आपला विड्यात घालायचा कात. तो तुरट असतो, त्वचा आकसून धरतो आणि वाळला की घट्ट बसतो. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात भिजविलेले कापड लावायचे. पुण्याजवळच्या कुठल्याही घरात सापडतील अशाच वस्तू. मेण, कात, तूप आणि जुने मऊ कापड.

हे काम कुंभारांकडे कसे गेले असावे? ओल्या मातीला बोटांनी आकार देणाऱ्या माणसाला मेणाच्या नाकाचा आकार साधणे सोपे जात असेल, हा तर्क मोहक आहे, पण तो तर्कच आहे. विधान करता येते ते एवढे, की ही विद्या संस्कृत पाठशाळेतून नव्हे, कारागिरांच्या घरांतून चालत आलेली होती.

येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे, कारण समाजमाध्यमांवर तो वारंवार फिरतो. ‘सुश्रुताची शस्त्रक्रिया इंग्रजांनी जशीच्या तशी उचलली’ हे विधान अर्धे खरे आहे. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहे आणि तो थक्क करणारा आहे. परंतु तेथे नाकाचे माप झाडाच्या पानाने घ्यायला सांगितले आहे आणि मांस गालावरून घ्यायला सांगितले आहे. त्यावर ज्येष्ठमधासारख्या औषधांचे चूर्ण, कापूस आणि तिळाचे तेल. कपाळ, मेण आणि कात हे पुण्याच्या रीतीतले तपशील त्यात नाहीत. गालाऐवजी कपाळ कोणी आणि केव्हा निवडले याचे श्रेय ग्रंथात शोधून मिळणार नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकणाऱ्या आणि हाताने सुधारणाऱ्या अनाम माणसांचे आहे. सुश्रुताचा गौरव करताना या माणसांना पुसून टाकण्याचे कारण नाही.

पुन्हा रुग्णाच्या प्रश्नांकडे. दिवस किती? पत्राचे उत्तर स्पष्ट आहे. पहिले पाच-सहा दिवस उताणे निजून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. भुवयांमधली पट्टी तीन-साडेतीन आठवड्यांनी कापायची आणि त्या वेळी नाक नीट दिसावे म्हणून पुन्हा थोडी काटछाट करायची. म्हणजे शस्त्रक्रिया एक नव्हे, दोन. आणि मधल्या काळात कपाळापासून नाकापर्यंत लोंबणारी कातडीची पट्टी घेऊन, वैद्याच्या हाताशी राहायचे. वैद्य परगावी निघून गेला किंवा रुग्ण घरी परतला, तर काम अर्धवट राहणार. कावसजीचा वैद्य पुण्याजवळचाच होता, ही त्याच्या दृष्टीने फार मोठी सोय होती.

दुखणे? याविषयी पत्रात एक अक्षर नाही. भूल देण्यासाठी ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ साली झाला. त्याला अजून अर्धे शतक अवकाश होता. कपाळ सोलले जात असताना कावसजी शुद्धीवर होता. बघणाऱ्यांनी मेणाची जाडी टिपली, कात किती थरांचा ते टिपले. रुग्णाच्या तोंडून काय निघाले ते मात्र टिपले गेले नाही.

व्रण? पत्र म्हणते की काही काळाने कपाळावरचा व्रण फारसा लक्षात येत नाही. याची थोडी पडताळणी करता येते, कारण कावसजीचे चित्र उपलब्ध आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या वर्षांत पुण्यात काम करीत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने केलेली चित्रे प्रसिद्धच आहेत. त्याने १७९४ च्या जानेवारीत, म्हणजे शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर, कावसजीला समोर बसवून चित्र काढले. त्यावरून केलेला छाप मासिकातल्या पत्रासोबत आला. सोबत मेणाच्या पत्र्याच्या आकृत्याही आहेत. दहा महिन्यांनंतरही कपाळावरची खूण चित्रात दिसते. नाक मात्र नाक आहे, जरा बोजड, पण चेहऱ्याला शोभणारे.

याच काळात पुण्याच्या दरबारी इंग्रज रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढीत होता. तांबटाचे नाव टिकले, कारण कागदावर सही राहते. कुंभाराची सही कावसजीच्या चेहऱ्यावर होती.

आणि आता चौथा प्रश्न. यश येईलच का? पत्राचे उत्तर ठाम आहे. ही शस्त्रक्रिया नेहमीच यशस्वी होते, असे तेथे छापले आहे. नेहमीच. दूरच्या देशातली विद्या दूरच्या वाचकाला सांगताना अशी भाषा आपोआप येते, आणि ती १७९४ सालापुरती मर्यादित नाही.

हे उत्तर तपासणारा माणूस वीस वर्षांनी पुढे आला. त्याआधी युरोपची पार्श्वभूमी थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण नाकासाठी प्रवास करणे ही युरोपीयांसाठी नवी गोष्ट नव्हती. सोळाव्या शतकात इटलीच्या दक्षिण टोकाकडे त्रोपेआ या गावी व्हियानेओ नावाचे दोन भाऊ दंडाच्या कातडीपासून नाक करून देत आणि द्वंद्वयुद्धात नाक गमावलेले लोक दुरून त्यांच्याकडे जात. ही विद्या ते कोणाला शिकवीत नसत. लिओनार्दो फिओरावांती हा वैद्य १५४९ च्या सुमारास तेथे गेला तो आपल्या नातेवाइकाचे नाक गेले आहे अशी थाप मारून. आणि अशा रीतीने त्याने ती शस्त्रक्रिया जवळून पाहून घेतली. पुढे १५९७ साली बोलोन्याच्या तालियाकोत्सी याने या पद्धतीवर सचित्र ग्रंथ लिहिला. त्या पद्धतीत हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे. तालियाकोत्सीनंतर ती विद्या मागे पडली आणि तिच्याविषयी विनोदच अधिक उरले. दुसऱ्याच्या मांसाचे नाक लावले तर तो दुसरा मेल्याबरोबर नाक गळून पडते, असा एक समज फार लोकप्रिय होता. पुण्याची बातमी पोहोचली ती अशा हवेत.

जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू हा लंडनचा शस्त्रवैद्य. त्याने ती बातमी गंभीरपणे घेतली, मृतदेहांवर सराव केला आणि योग्य रुग्णाची वाट पाहिली. विशेष म्हणजे त्याने छापील मजकुरावर विसंबून न राहता, पुण्यास अनेक वर्षे राहून इंग्लंडला परतलेल्या मॅलेटला पत्र लिहिले. मॅलेटचे उत्तर असे, की ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आली आहे, ती कुंभार किंवा वीट पाडणाऱ्या जातीचे लोक करतात, आणि ती दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा यशस्वी होते.

मासिकाचे ‘नेहमीच’ आणि मॅलेटचे ‘बहुतेक वेळा’ यांच्यात जे अंतर आहे, त्यात किती माणसे बसतात? कातडी काळी पडून गळलेली, जखम चिघळलेली, एका नाकाऐवजी कपाळावरही कायमची जखम घेऊन घरी गेलेली माणसे. त्यांचे चित्र कोणी काढले नाही, त्यांचा छाप लंडनला गेला नाही. कावसजीचा गेला, कारण त्याचे नाक टिकले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची आहे. जे उरते त्यावरून जे उरले नाही त्याचा अंदाज बांधावा लागतो. जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहणाऱ्या रुग्णाची अडचण वेगळी नाही.

कार्प्यूने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण एक लष्करी अधिकारी होता. यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधांनी त्याचे नाक झडले होते. भूल अजूनही नव्हतीच. हा अधिकारी शस्त्रक्रियेच्या वेळी कण्हला नाही. पुढे मात्र त्याने सांगितले की तो काही पोरखेळ नव्हता, वेदना भयंकर होत्या, पण तक्रार करून उपयोग काय. पुण्याच्या पत्रात जे मौन होते ते येथे, वीस वर्षांनी आणि दुसऱ्या खंडात, पहिल्यांदा मोडले.

दुसरा रुग्ण कॅप्टन लॅथम. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील अल्बुएराच्या लढाईत आपल्या पलटणीचे निशाण वाचविताना त्याचा एक हात तुटला आणि नाकासह चेहऱ्याचा भाग कापला गेला. कावसजी आणि लॅथम यांची तुलना टाळणे अशक्य आहे. दोघेही ब्रिटिश फौजेच्या चाकरीत, दोघांचाही एक हात आणि नाक गेलेले, दोघांनाही कपाळाच्या कातडीचे नवे नाक मिळालेले. लॅथमच्या पलटणीतील अधिकाऱ्यांनी त्याला सोन्याचे पदक दिले आणि त्याच्या शौर्याची कथा सांगितली गेली. बैल हाकणाऱ्याच्या वाट्याला निवृत्तिवेतन आले आणि एक चित्र.

कार्प्यूने १८१६ साली या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले. १८१८ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफेने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला ‘रायनोप्लास्टिक’ हे नाव दिले. आज सर्वत्र रूढ असलेला रायनोप्लास्टी हा शब्द त्याचाच. कपाळावरून कातडी घेण्याची रीत युरोपीय ग्रंथांत ‘भारतीय पद्धत’ म्हणून नोंदली गेली. देशाचे नाव लागले, पुण्याचे नाही, कुंभाराचे तर नाहीच.

येथपर्यंत प्रवास केला तो विद्येने; रुग्ण आपापल्या जागी होते. परंतु हिंदुस्थानातही नाकासाठी रुग्ण दूरवर जात. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा येथील वैद्य घराण्यांची कीर्ती एवढी होती, की गावाच्या नावाचीच ‘कान घडविणारे’ अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काठेवाडात एका कुप्रसिद्ध बंडखोराने लोकांची नाके कापण्याचा सपाटा लावला, तेव्हा जुनागड संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांच्याकडे नाक गमावलेल्यांची रीघ लागली. काळू नाक कापतो आणि त्रिभुवन जोडतो, अशी म्हणच पडली. त्रिभुवनदासांनी १८८९ साली शंभर रुग्णांच्या हकीकतींसह पुस्तक प्रसिद्ध केले. एका कावसजीऐवजी शंभर रुग्ण, आणि शस्त्रवैद्याचे नाव मुखपृष्ठावर. पुण्याजवळच्या त्या अनाम कुंभाराला जे मिळाले नाही ते जुनागडच्या डॉक्टरांना मिळाले. त्यांच्याकडे छापखाना होता, पदवी होती आणि संस्थानी दवाखाना होता.

महाराष्ट्रात ही विद्या संस्थेच्या रूपाने परतली ती स्वातंत्र्यानंतर. १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला मानला जातो.

आजचा रुग्ण विमानाने जातो, हा मोठा फरक. कुंभाराचा रुग्ण पाच-सहा दिवस उताणा निजून राहत होता. आजचा रुग्ण अनेकदा तेवढ्याच दिवसांत परतीच्या विमानात बसू पाहतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला असा, की छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान १० दिवस विमानप्रवास करू नये. दीर्घ प्रवासात एका जागी बसून पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि शस्त्रक्रियेने तो वाढतो. दुसरा धोका उशिरा उघडकीस येतो. २०१३-१४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात सौंदर्यशस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकी रुग्णांत क्षयाच्या जातकुळीतील, पण क्षय नसलेल्या जिवाणूंचा संसर्ग आढळला. असा संसर्ग रुग्ण घरी पोहोचल्यानंतर डोके वर काढतो, औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, आणि तोवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर समुद्रापलीकडे असतो. नाकाच्या बाबतीत तर सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला सुमारे वर्ष लागू शकते. वेल्सने कावसजीचे चित्र दहा महिन्यांनी काढले, हा योगायोग असेल. पण चित्र काढायला ती वेळ बरीच योग्य होती.

परदेशी जाऊ पाहणाऱ्याने विचारण्याचे प्रश्न मग बव्हंशी कावसजीच्याच शस्त्रक्रियेतून निघतात. चाकू कोणाच्या हाती असेल आणि त्याचे नाव काय? दुसऱ्या काटछाटीची वेळ आली तर ती कोण करील, कुठे आणि कोणाच्या खर्चाने? मधल्या आठवड्यांत राहायचे कुठे? ज्यांचे बिघडले त्यांच्याविषयी हे लोक काय सांगतात?

कपाळाच्या कातडीचे नाक आजही घडविले जाते, बहुधा त्वचेच्या कर्करोगात नाकाचा भाग काढून टाकावा लागलेल्या रुग्णांसाठी. मेणाची जागा अनेकदा टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाने घेतली आहे. तो नाकावर दाबून आकार घेतात, सपाट करतात आणि कपाळावर ठेवून कडेने रेघ मारतात. भुवईजवळची पट्टी अखंड ठेवतात. ती साधारणपणे तीन आठवड्यांनी कापतात.